सिनेमातला रोबोट घरी बनवताना मोटार कोणती घ्यायची?

आज लोणचं-पापड नाही, बँकेचं पासबुक नाही आणि व्याजाचा हिशोबही नाही. आज मोटारीबद्दल बोलायचं आहे. विहिरीवरची मोटार नव्हे, तर सिनेमातल्यासारखा रोबोट घरी बनवला तर त्याची चाकं फिरवणारी मोटार. हसू नका. कल्याण तालुक्यातल्या एका गटाच्या मासिक बैठकीत हा विषय अंतर्गत कर्जाच्या अर्जाबरोबरच आला. गटातल्या दोघींच्या मुली आयटीआयला आहेत, एकीचा मुलगा डिप्लोमा करतो. या मुलांना पाडव्याच्या स्वागतयात्रेत ओला-सुका कचऱ्याच्या चित्ररथापुढे चालणारा रोबोट बनवायचा आहे. सांगाडा भंगारातला, अंग पुठ्ठ्याचं आणि तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचं, म्हणजे त्यात फार पैसा नाही. पैसा जाणार तो मोटार आणि बॅटरीत. दुकानात विचारलं तर तीन दुकानदारांनी तीन वेगळ्या मोटारी सांगितल्या. मग बैठकीत तायांचं एकच म्हणणं पडलं, आम्हाला यातलं काय कळतंय, पोरं मागतात तेवढे देऊन टाकू.

मला हे पटत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे, कोणाकडे घरघंटी आहे, शिलाई मशीनला मोटार बसवलेली आहे, दारात सायकल आहे. एवढ्यावर मोटार निवडता येते. गटाचा पैसा जाणार असेल तर निवड समजून घेऊनच सही करायची.

आधी थोडं यात्रेबद्दल, कारण रोबोट चालणार कुठे यावरच मोटार ठरते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि तिथून ती ठाणे, कल्याण, गिरगाव अशी सगळीकडे गेली. डोंबिवलीत फडके रोडवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नसते. ढोल-ताशा, लेझीम, नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या मुली आणि मधून चित्ररथ. यात्रा सरळ चालत नाही. दहा पावलं पुढे, मग पाच मिनिटं उभी. आजूबाजूला लहान मुलं, आणि रोबोट दिसला की ती त्याच्याच अंगावर येणार. म्हणजे आपल्याला वेगाने पळणारा रोबोट नको. हळू चालणारा, हवा तिथे थांबणारा आणि गर्दीत कोणाला न लागणारा हवा.

आता कोणता रोबोट? मुलांनी निवडला आहे 'वॉल-ई'. २००८ सालच्या याच नावाच्या कार्टून सिनेमात माणसं पृथ्वी कचऱ्याने भरून सोडून जातात आणि हा एकटा बुटका रोबोट कचरा दाबून त्याचे चौकोनी ठोकळे रचत बसतो. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी पाहिलाय त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रजनीकांतच्या २०१० सालच्या 'रोबोट'मधला चिट्टी कोणाच्या मनात आला असेल तर तो विचार सोडा. दोन पायांवर चालणारं यंत्र तोल सांभाळत नेणं फार कठीण. 'स्टार वॉर्स' या १९७७ सालच्या इंग्रजी सिनेमात आर-टू-डी-टू नावाचा बुटका, डब्यासारखा रोबोट आहे. त्याच्याही काही दृश्यांत आत केनी बेकर नावाचा ठेंगणा नट बसलेला होता आणि बाकीच्या दृश्यांत चाकांवरचं, दुरून चालवायचं यंत्र. पुढे जगभरातल्या हौशी लोकांनी हाच रोबोट घरी, गॅरेजमध्ये बनवायला घेतला. त्यातल्या ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोघा हौशी कारागिरांनाच पुढे २०१५ च्या 'स्टार वॉर्स'साठी रोबोट बनवायला बोलावलं. या हौशी मंडळींचा आवडता मार्ग म्हणजे अपंगांच्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या किंवा विजेच्या स्कूटरच्या मोटारी. का, ते आता पाहू.

मोटारीत दोन गोष्टी असतात. एक तिचा वेग, म्हणजे मिनिटाला किती फेरे मारते. दुसरी तिची पीळ द्यायची ताकद, जिला टॉर्क म्हणतात. मिक्सरची मोटार मिनिटाला हजारो फेरे मारते, पण भांडं रिकामं असताना तुम्ही ऐकलंच असेल, नुसता आवाज. ओलं खोबरं जास्त टाकलं की ती घुमते आणि जळका वास येतो. वेग भरपूर, पीळ कमी. उलट जात्याकडे बघा. हळू फिरतं, पण दाण्याचं पीठ करतं. रोबोटला जात्यासारखी मोटार हवी, मिक्सरसारखी नको.

वेगाची मोटार हळू करून तिची पीळ वाढवता येते, त्यालाच गिअर म्हणतात. सायकलला पुढची चकती लहान आणि मागची मोठी असली तर चढ सोपा जातो पण सायकल हळू चालते, हे तेच. म्हणून दुकानात 'मोटार द्या' असं म्हणायचं नाही. 'गिअरची मोटार द्या' म्हणायचं.

घरघंटीची जुनी मोटार पडून आहे, तीच लावू, असं एका बैठकीत कोणीतरी म्हणालंच. नको. तिला घरातली २३० व्होल्टची वीज लागते, ती जड असते आणि तिचा वेग सहज कमी-जास्त करता येत नाही. यात्रेत मागे वायर ओढत कोण जाणार? शिलाई मशीनच्या मोटारीचंही तेच, शिवाय तिच्यात तेवढी पीळही नाही. बॅटरीवर चालायचं असेल तर १२ किंवा २४ व्होल्टची डीसी मोटार हवी.

आता किती ताकदीची? इथे दुकानदार अंदाजाने सांगतात आणि आपण अंदाजाने घेतो. पण हे मोजता येतं, तेही आपल्याच सामानाने. भाजी, धान्य तोलायचा हुकाचा काटा प्रत्येक गटाकडे असतो. मुलांना आधी फक्त सांगाडा आणि चाकं बनवू द्या. मग रोबोटचं जेवढं वजन होणार तेवढं त्यावर तांदळाच्या गोण्यांनी भरा. आपण ४० किलो धरू, सांगाडा, बॅटरी, मोटारी, अंग सगळं मिळून. पुढे दोरी बांधा, दोरीत काटा अडकवा आणि रस्त्यावर आडवं, हळूहळू, एकसारखं ओढा. काटा जे वजन दाखवेल तेवढ्या जोराने मोटारींना ओढायचं आहे. एवढंच.

सपाट डांबरी रस्त्यावर काटा फार थोडं दाखवेल, ४० किलोला दीड-दोन किलो. चाकं जितकी लहान आणि रस्ता जितका खडबडीत, तितकं जास्त. मग तीच गाडी चढावर ओढा. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर वजनाचा दहावा भाग, म्हणजे चार किलो, त्यात वाढतो. तर चढावर साडेपाच किलो धरू. गतिरोधक, खड्डा, थांबलेल्या जागेवरून पुन्हा निघणं या सगळ्यासाठी त्याच्या दुप्पट धरायचं, म्हणजे अकरा किलो. कंजुषी इथे करायची नाही. दुप्पट घेतलं की मोटार तापत नाही.

पुढचं गणित चाकाचं. नट आखूड पान्याने सुटत नाही आणि लांब पान्याने सुटतो, हे तुम्ही पाहिलंय. चाकात हे उलट आपल्या विरुद्ध काम करतं. चाक मोठं तर मोटारीला पीळ जास्त द्यावी लागते. २० सेंटीमीटर व्यासाचं चाक घेतलं तर मध्यापासून कडेपर्यंत १० सेंटीमीटर. अकरा किलोला दहाने गुणलं की ११०. हे झालं ११० किलो-सेंटीमीटर. दोन चाकांना दोन मोटारी लावणार, म्हणून प्रत्येकीला ५५. वळताना किंवा एकच चाक खड्ड्यात अडकल्यावर एकीवर जास्त भार येतो, तेव्हा ७०-८० किलो-सेंटीमीटरची मोटार मागावी. मोटारीच्या पट्टीवर आकडा न्यूटन-मीटरमध्ये असेल तर दहाने गुणा, साधारण किलो-सेंटीमीटर मिळतात.

आता वेग. माणूस रमतगमत चालतो तेव्हा ताशी तीन किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. २० सेंटीमीटरचं चाक एका फेऱ्यात साधारण ६३ सेंटीमीटर पुढे जातं. भागाकार केला की मिनिटाला ८० फेरे येतात. यात्रेला ५० फेरेही पुरतात. तेव्हा दुकानात सांगायचं वाक्य तयार झालं: १२ किंवा २४ व्होल्ट डीसी, गिअरची, मिनिटाला ५० ते ८० फेरे, ७०-८० किलो-सेंटीमीटर, आणि दोन्ही अगदी एकसारख्या. हे वाक्य एका ताईने कागदावर लिहून नेलं तर दुकानदार ताई म्हणून टाळणार नाही, हा माझा अनुभव आहे. आकडा बोलला की समोरचाही आकड्यात बोलतो.

बाजारात मग काय दिसेल? सगळ्यात स्वस्त म्हणजे गाडीच्या काचेवरच्या वायपरची मोटार. कुर्ल्याच्या भंगारात किंवा कुठल्याही गॅरेजवाल्याकडे जुनी मिळते, काही शेकड्यांत काम होतं. १२ व्होल्टवर चालते, मिनिटाला साधारण ४० ते ७० फेरे मारते आणि पीळ चांगली देते. कॉलेजच्या स्पर्धांतले रोबोट वर्षानुवर्षं हिच्यावरच चालत आलेत. तिच्या आत मळसूत्री गिअर असतो. त्याचा गुण असा की वीज बंद झाली की चाक जागच्या जागी राहतं, उतारावर रोबोट घसरत नाही. अवगुणही तोच. मध्येच बॅटरी संपली तर तो ढकलता येत नाही, उचलूनच न्यावा लागतो.

वायपर मोटारीच्या आणखी तीन खोडी सांगते, कारण दुकानात या कोणी सांगत नाही. पहिली, तिचा दांडा काचेवरची पट्टी हलवायला बनवलेला असतो, चाळीस किलोचं वजन पेलायला नव्हे. चाक थेट दांड्यावर बसवलं तर आतला गिअर लवकर खराब होतो. चाकाला स्वतःचा दांडा आणि दोन बेअरिंग द्यायची आणि मोटारीकडून फक्त फिरण्याची शक्ती साखळीने किंवा जोडाने घ्यायची. हे काम लेथवाला आणि वेल्डिंगवाला करून देतो. दुसरी, बऱ्याच वायपर मोटारींत एक वायर वेगळी नसतेच, तिचं काम मोटारीचं लोखंडी अंग करतं, कारण गाडीचा सांगाडाच तिथे वायर असतो. आपण दोन्ही मोटारी एकाच लोखंडी सांगाड्याला घट्ट बसवल्या आणि एक पुढे, एक मागे फिरवायला गेलो की शॉर्ट होतो. म्हणून मोटार लाकडी फळीवर बसवावी आणि तिचे बोल्टसुद्धा सांगाड्याला टेकू देऊ नयेत. दोन्ही वायरी वेगळ्या असलेली मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. तिसरी खोडी, ही मोटार एका दिशेला जोरात आणि उलट दिशेला जरा मंद फिरते. डावी-उजवी समोरासमोर बसवली की एक सुलट, एक उलट फिरते आणि रोबोट आपोआप एका बाजूला ओढतो. वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये ते थोडं जुळवून घ्यावं लागतं.

दुसरा पर्याय विजेच्या छोट्या स्कूटरच्या मोटारीचा, २४ व्होल्ट, २५० वॅट. गिअरची घेतली तरी ती मिनिटाला तीनशेच्या आसपास फिरते, म्हणून साखळी लावून वेग चौथ्या भागावर आणावा लागतो. मोटारीवर ९ दात्यांची चकती असेल तर चाकावर ३६ दात्यांची. आपल्या कामाला प्रत्येक मोटारीचे ५० वॅटसुद्धा पुरेसे आहेत, म्हणजे ही आपल्याला भरपूर होते. दणकट आहे, पण वीज बंद झाली की उतारावर सुटते, तेव्हा ब्रेकची वेगळी सोय हवी.

तिसरी, चाकाच्या खुर्चीची मोटार. माझं मत विचाराल तर कामाला हीच सगळ्यात चांगली. माणसाचं वजन घेऊन, चढ चढून, हळू चालण्यासाठीच ती बनते. गिअर आत, ब्रेक आत, वीज गेली की आपोआप थांबते, आणि वर एक खटका असतो, तो ओढला की चाक मोकळं होऊन हाताने ढकलता येतं. गर्दीत अडकल्यावर या खटक्याची किंमत कळते. पण नवी जोडी हजारांत जाते. जुनी खुर्ची कोणी विकत असेल तर बघा. मात्र चालू असलेली, कोणाच्या वापरातली खुर्ची रोबोटसाठी मोडू नका, ते बरं दिसत नाही.

ई-रिक्षाची मोटारही कोणीतरी सुचवेल. ती एक किलोवॅटच्या घरातली असते. माणसांनी भरलेली रिक्षा ओढायची मोटार ४० किलोच्या रोबोटला कशाला? शिवाय ती दोन्ही चाकं एकाच दांड्यावर फिरवते. आपल्याला तर दोन वेगळ्या मोटारी हव्यात, कारण वळण त्यांच्यातूनच मिळतं. दोन्ही सारख्या फिरल्या की सरळ, एक मंद केली की त्या बाजूला वळण, एक पुढे एक मागे केली की जागच्या जागी गिरकी. पुढे-मागे खुर्चीखाली असतात तशी गरगर फिरणारी चाकं आधाराला लावायची. वॉल-ईला सिनेमात रणगाड्यासारखे पट्टे आहेत. खरे पट्टे लावू नका. वळताना ते रस्त्यावर घासतात आणि मोटारीवर फार भार येतो. आत चाकं ठेवा, बाहेरून जुन्या टायरच्या रबराचे पट्टे नुसते दिसायला.

बॅटरीचं थोडक्यात. सपाट रस्त्यावर दोन्ही मोटारी मिळून ३० वॅट घेतील असं धरा, डोळ्यांतले दिवे आणि आवाजाला १५. तीन तासांच्या यात्रेला १३५ वॅट-तास झाले. शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते, म्हणून २७० हवेत. १२ व्होल्टची असेल तर २२ ते २६ अँपिअर-तासांची एक बंद बॅटरी पुरते. घरातली इन्व्हर्टरची मोठी बॅटरी उचलून ठेवायचा मोह होतो. तिचं वजन ५० किलोच्या वर असतं, म्हणजे अख्ख्या रोबोटपेक्षा जास्त, आणि कलंडली तर आम्ल सांडतं. बॅटरी कोणतीही असो, ती सगळ्यात खाली बसवा म्हणजे रोबोट उलटणार नाही. चाक अडकून मोटार थांबते तेव्हा ती सगळ्यात जास्त वीज ओढते आणि वायर तिथेच वितळते. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि जाड वायर हवी. वायर आणि फ्यूजचे आकडे आयटीआयच्या वायरमनच्या सरांकडून तपासून घ्या. या खर्चात काटछाट करून रोबोटला चांदीचा रंग मारू देऊ नका.

आता पैशांचं. मुलं म्हणतील, पुढे वाढदिवसांना, शाळेच्या कार्यक्रमांना भाड्याने देऊ आणि कर्ज फेडू. देतीलही. पण त्या भाड्यावर हप्ता बांधू नका. पालकांच्या नेहमीच्या मिळकतीतून जेवढा हप्ता निघेल तेवढंच कर्ज द्या आणि तेही दोन टप्प्यांत. आधी सांगाडा आणि चाकांपुरतं. काट्याने ओढून आकडा आला, तो इतिवृत्तात लिहिला, की मग मोटारीचे पैसे. मोटारी घ्यायला एक मुलगा किंवा मुलगी आणि गटातली एक ताई अशी दोघांनी जावं. लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानातच १२ व्होल्टवर फिरवून दाखवायला सांगा, हाताने दांडा हलवून बघा, ढिला लागला तर परत ठेवा. भंगारातली असेल तर दहा मिनिटं चालवून तिला हाताची मागची बाजू लावा. हात ठेववत नसेल इतकी तापली तर सोडून द्या. बिल मात्र घ्या, भंगारवाल्याकडूनसुद्धा साध्या कागदावर.

पाडव्याच्या निदान पंधरा दिवस आधी पूर्ण वजनासह तालीम घ्या, शाळेच्या मैदानात नव्हे तर डांबरी रस्त्यावर, चढावर आणि गतिरोधकावरून. रिमोट बंद केला किंवा दूर नेला तर रोबोट आपोआप थांबतो का ते मुद्दाम बघा. थांबत नसेल तर तो यात्रेत न्यायचा नाही, कितीही सजवलेला असो. मोबाईलच्या ब्लूटूथवर गर्दीत भिस्त ठेवू नका. रोबोटच्या पाठीवर मोठं लाल बटण हवं, एका फटक्यात बॅटरी तोडणारं. साखळी आणि चकत्यांवर पूर्ण झाकण हवं, कारण त्या सकाळी सगळ्या नऊवारीत, पदर आणि ओढण्या उडत असतात आणि लहान बोटं कुठेही जातात.

आणि माणसं तीन ठेवा. एक रिमोट धरणारी, तिने दुसरं काहीही करायचं नाही, फोटोसुद्धा काढायचे नाहीत. दुसरी रोबोटच्या मागे, लाल बटणापासून हातभर अंतरावर. तिसरी पुढे, मुलांना प्रेमाने बाजूला करणारी. वायपरच्या मोटारी लावल्या असतील तर सोबत चित्ररथावर एक हातगाडी आणि दोरीही ठेवा, रोबोट बंद पडला तर त्याच्यावर घालून न्यायला.